माणसाचा घसारा

गेल्या रविवारची गोष्ट. आमच्या वस्तीतला सातवीत शिकणारा एक मुलगा वर्तमानपत्राची घडी घेऊन आमच्याकडे आला. क्रिकेटपटूंच्या लिलावाची बातमी त्याने वाचली होती. "काका, खेळाडू विकला म्हणजे काय हो? माणूस विकतात का?" असे त्याने विचारले. आम्ही घाईघाईने सांगून टाकले की माणूस विकत नाहीत, त्याचा करार विकतात. मुलगा मान डोलावून गेला खरा, पण त्याचे समाधान झाले नव्हते. खरे सांगायचे तर आमचेही झाले नव्हते.

वाचकहो, आमचे सारे आयुष्य जमाखर्चाच्या वह्यांत गेले. तेव्हा या प्रश्नाचे उत्तर वहीच्याच भाषेत शोधावे असे आम्ही ठरवले. उदाहरण घेतले आहे युक्रेनमधल्या एका फुटबॉलपटूचे. मेस्सीचे नाव आपल्या घरातल्या लहान मुलालाही ठाऊक आहे. हा खेळाडू मेस्सीच्याच संघात वर्षभर होता, परंतु त्याचे नाव फारच थोड्यांच्या लक्षात असेल. त्याचे नाव दिमित्रो चिहरिन्स्की.

हा बचावपटू. स्वतःच्या गोलासमोर उभे राहून समोरच्याचा हल्ला परतवायचा, हे त्याचे काम. हे काम नीट झाले तर कोणाच्या लक्षात येत नाही आणि चुकले तर साऱ्या मैदानाला दिसते. आपल्याकडे पहाटे पाण्याची चावी सोडणारा माणूस असतो ना, तसेच हे. नळाला पाणी आले तर त्याची आठवण कोणी काढत नाही, एक दिवस आले नाही तर सगळी चाळ त्याच्या नावाने ओरडते.

चिहरिन्स्कीचा जन्म 7 नोव्हेंबर 1986 चा, पश्चिम युक्रेनमधल्या इझ्यास्लाव नावाच्या लहानशा गावचा. तेव्हा युक्रेन सोव्हिएत संघाचा भाग होता. हा मुलगा पाच वर्षांचा होण्याआधीच, 1991 मध्ये, देश स्वतंत्र झाला. फुटबॉलचे प्राथमिक धडे त्याने पश्चिमेकडच्या ल्विव शहरात घेतले आणि मग देशाच्या अगदी दुसऱ्या टोकाला, पूर्वेच्या दोनेत्स्क शहरात, 'शाख्तार' या क्लबात तो दाखल झाला.

शाख्तार म्हणजे खाणकामगार. दोनेत्स्क हे कोळशाचे आणि पोलादाचे शहर. हा क्लब 1936 मध्ये स्थापन झाला, तेव्हा त्याचे नाव स्ताखानोव्ह या कोळसा खोदणाऱ्या कामगारावरून ठेवलेले होते. पुढे देश बदलला, व्यवस्था बदलली आणि क्लब रिनात अख्मेतोव या कोट्यधीश उद्योगपतीच्या हाती गेला. नाव मात्र खाणकामगाराचेच राहिले. कामगाराचे नाव पाटीवर आणि चाव्या मालकाच्या खिशात, हे दृश्य आपल्या गिरणगावाला नवे नाही.

अठरा वर्षांचा असताना, 2005 मध्ये, त्याला झापोरिझ्झियाच्या मेटालुर्ह क्लबाला काही महिन्यांसाठी उसने देण्यात आले. होय, फुटबॉलमध्ये खेळाडू उसनाही देतात! शेजारणीकडून वाटीभर साखर आणावी तसा एक क्लब दुसऱ्याकडून खेळाडू आणतो आणि मुदत संपली की परत करतो. मेटालुर्ह म्हणजे धातूच्या कारखान्यातला कामगार. एका कामगाराच्या नावाच्या क्लबातून दुसऱ्या कामगाराच्या नावाच्या क्लबात मुलगा गेला आणि शिकून परत आला. 2006 मध्ये, वयाच्या एकोणिसाव्या वर्षी, विश्वचषकासाठी जर्मनीला गेलेल्या युक्रेनच्या संघात त्याचे नाव होते. स्वतंत्र युक्रेनचा तो पहिला विश्वचषक आणि त्यात हा संघ उपांत्यपूर्व फेरीपर्यंत पोहोचला.

त्याच्या कामाचा खरा दिवस उजाडला तो 20 मे 2009 रोजी. इस्तंबूलमध्ये युएफा कपच्या अंतिम सामन्यात शाख्तारने जर्मनीच्या वेर्डर ब्रेमेनला जादा वेळेत 2-1 असे हरवले. स्वतंत्र युक्रेनच्या क्लबाने जिंकलेला हा पहिला युरोपीय चषक. प्रशिक्षक रुमानियाचे मिर्चा लुचेस्कू होते, पुढे गोल करायला ब्राझीलची मुले होती आणि मागे बचावाच्या मध्यभागी आपला चिहरिन्स्की उभा होता.

त्याच वर्षी 28 ऑगस्टला मोनॅकोमध्ये युरोपच्या सुपर कपसाठी शाख्तारची गाठ बार्सिलोनाशी पडली. पेप गार्दिओला यांच्या या संघाने त्या मोसमात स्पेनची लीग, स्पेनचा चषक आणि चॅम्पियन्स लीग असे तिन्ही जिंकले होते. अशा संघाला शाख्तारच्या बचावाने नव्वद मिनिटे गोल करू दिला नाही. जादा वेळ लागला आणि 115 व्या मिनिटाला पेद्रोने गोल केला. शाख्तार 1-0 ने हरला. पण तीन-चार दिवसांतच बातमी आली की बार्सिलोनाने चिहरिन्स्कीला अडीच कोटी युरो देऊन घेतले. त्या वेळच्या भावाने हे सुमारे पावणेदोनशे कोटी रुपये होतात. करार पाच वर्षांचा. वय अवघे बावीस.

गार्दिओला यांना तो हवा होता, कारण नुसता चेंडू दूर भिरकावून देणारा हा बचावपटू नव्हता. मागून लांबवर, नेमक्या जागी चेंडू पोहोचवण्याची कला त्याच्याकडे होती. परंतु बार्सिलोनात त्याच्या जागेसाठी पुयोल होते, पिके होते, मार्केझ होते. नवी भाषा, नवी पद्धत आणि प्रत्येक चुकीवर अडीच कोटींचा शिक्का! दुसऱ्याचा पास चुकला तर पास चुकला म्हणतात, याचा चुकला की लोक किंमत काढत. बार्सिलोनाने त्या मोसमात 99 गुण मिळवून लीग जिंकली. त्यात चिहरिन्स्की लीगचे 12 सामने खेळला.

मग 1 जुलै 2010 रोजी क्लबाचे नवे अध्यक्ष म्हणून सांद्रो रोसेल आले. तिजोरीत रोख पैशाची चणचण होती. मैदानावर इतके चषक जिंकलेल्या क्लबाला रोखीसाठी धावपळ करावी लागत होती, हेही लक्षात ठेवण्याजोगे आहे. गार्दिओला यांची इच्छा होती की हा मुलगा राहावा, त्याला वेळ द्यावा. परंतु आठवडाभरातच त्याला शाख्तारला परत विकण्यात आले. किंमत दीड कोटी युरो.

वर्तमानपत्रांनी लगेच वजाबाकी केली. अडीच कोटींत घेतला, दीड कोटीला दिला, म्हणजे एक कोटीचा तोटा. फसलेला सौदा, असा शिक्का त्याच्यावर बसला तो कायमचा.

आता आम्ही आमची वही उघडतो. समजा एखाद्या छापखान्याने पाच लाखांचे यंत्र घेतले आणि ते पाच वर्षे चालेल असे धरले. तर दरवर्षी एक लाख रुपये घसारा म्हणून वहीतून उतरवतात. वर्षाअखेर यंत्राची वहीतली किंमत चार लाख राहते. फुटबॉल क्लबांच्या हिशेबातही हीच रीत आहे. खेळाडूला खेळवण्याचा जो हक्क क्लबाने विकत घेतला, तो मालमत्ता म्हणून वहीत लिहितात आणि कराराच्या वर्षांनी भागून दरवर्षी थोडा थोडा उतरवतात. हिशेबनीस याला वेगळे नाव देतात, पण रीत घसाऱ्याचीच.

या रीतीने अडीच कोटी भागिले पाच म्हणजे वर्षाला पन्नास लाख. बार्सिलोनात एक वर्ष झाले, पन्नास लाख उतरले, वहीतली किंमत दोन कोटी राहिली. विकला दीड कोटीला. म्हणजे वर्षाचा घसारा पन्नास लाख आणि विक्रीतला तोटा पन्नास लाख, मिळून तोच एक कोटी. वही जुळली. आम्हा कारकुनांना वही जुळली की रात्री झोप लागते. या वेळी मात्र लागली नाही.

कारण बावीस वर्षांचा मुलगा तेवीस वर्षांचा झाला, एक देश पाहिला, एक भाषा कानावर घेतली, जगातल्या सर्वोत्तम खेळाडूंसोबत वर्षभर रोज सराव केला. यात तो झिजला की वाढला? यंत्र वापरले की झिजते, माणूस कामाने शिकतो. परंतु वहीत शिकण्याचा रकाना नाही, फक्त झिजण्याचा आहे. दोष वहीचा नाही. वही पैशाची आहे, ती पैशापुरते खरे सांगते. तिला माणसाची वही समजून वाचणारे आपण चुकतो.

आणखी एक गोष्ट पुष्कळांना ठाऊक नसते. हे अडीच कोटी खेळाडूला मिळत नाहीत. ते एक क्लब दुसऱ्या क्लबाला देतो. खेळाडूला मिळतो तो कराराचा पगार. पूर्वी तर युरोपात असे होते की करार संपला तरी जुना क्लब मोबदला मिळाल्याशिवाय खेळाडूला सोडत नसे. नोकरीची मुदत संपली, पगारही घटवला, पण दुसरीकडे जायचे तर आधीच्या मालकाला पैसे मोजा, असा तो न्याय. बेल्जियमच्या ज्याँ-मार्क बोसमान या साध्या खेळाडूने याविरुद्ध दावा लावला आणि 15 डिसेंबर 1995 रोजी युरोपीय न्यायालयाने निकाल दिला की करार संपला की युरोपीय संघातला खेळाडू मोकळा. आज मोठमोठे खेळाडू आपल्या मर्जीने क्लब निवडतात, त्यामागे या एका माणसाचा पाच वर्षांचा कोर्टाचा हेलपाटा आहे. त्यात त्याची स्वतःची कारकीर्द मात्र संपली.

चिहरिन्स्की दोनेत्स्कला परतला तेव्हा तिथे नवे मैदान उभे होते. त्याचे नाव दोनबास अरेना, पन्नास हजारांवर प्रेक्षक बसतील असे. मोनॅकोतल्या त्या सामन्याच्या दुसऱ्याच दिवशी, 29 ऑगस्ट 2009 रोजी, त्याचे उद्घाटन झाले होते. घर सोडून जाताना घराला रंग लागावा तसे झाले. परतल्यावर मात्र दुखापतींनी त्याला गाठले. 2012 मध्ये युक्रेन आणि पोलंड यांनी मिळून युरोपचा चषक भरवला. स्पेन आणि पोर्तुगाल यांचा उपांत्य सामना याच दोनबास अरेनावर झाला, पण युक्रेनच्या संघात चिहरिन्स्की नव्हता.

त्यानंतर 2014 मध्ये पूर्व युक्रेनमध्ये युद्ध पेटले. दोनेत्स्क हातचे गेले, त्या सुंदर मैदानाला तोफगोळ्यांची झळ बसली. जिथे फुटबॉल चालायचा, तिथून युद्धग्रस्तांना धान्याची मदत वाटली जाऊ लागली. शाख्तार क्लब निर्वासित झाला. ल्विव, मग खारकिव्ह, मग कीव अशा परक्या मैदानांवर तो 'घरचे' सामने खेळू लागला. 2022 मध्ये रशियाने सर्व युक्रेनवर आक्रमण केल्यानंतर तर युरोपीय स्पर्धांतले घरचे सामने वॉर्सा आणि हॅम्बुर्गसारख्या परदेशी शहरांत खेळावे लागले. जो क्लब अडीच कोटींत माणूस विकू शकला, त्याला स्वतःचे घर राखता आले नाही.

2015 मध्ये चिहरिन्स्की द्निप्रो शहराच्या द्निप्रो क्लबात गेला. हा क्लब त्याच वर्षी 27 मे रोजी वॉर्सामध्ये युरोपा लीगचा अंतिम सामना खेळला आणि सेव्हियाकडून 3-2 असा हरला. बाहेरून पाहणाऱ्याला वाटावे की क्लबाचे वैभव शिखराला पोहोचले. आतून मात्र देणी थकली होती. 2016 मध्ये युएफाने थकबाकीपायी या क्लबाला युरोपीय स्पर्धांतून बंदी घातली, खेळाडू पांगले आणि 2019 मध्ये क्लबच संपला.

येथे आमच्या कामगार वाचकांनी थोडे थांबावे. फुटबॉलपटू म्हणजे मोटारी आणि बंगले, अशी आपली समजूत असते. फुटबॉलपटूंच्या जागतिक संघटनेने 2016 मध्ये 54 देशांतल्या सुमारे 14 हजार व्यावसायिक खेळाडूंची पाहणी केली. त्यात 41 टक्के खेळाडूंनी सांगितले की गेल्या दोन मोसमांत त्यांचा पगार वेळेवर झाला नाही. 45 टक्क्यांहून अधिक खेळाडूंचा पगार महिन्याला हजार डॉलरच्या आत होता. हे काही रस्त्यावरच्या पोरांचे आकडे नाहीत, करारावर सही केलेल्या माणसांचे आहेत. बंद गिरणीच्या फाटकाशी उभे राहिलेल्यांना हे निराळे समजावून सांगायला नको. चिहरिन्स्कीने आपल्या कोणाहीपेक्षा पुष्कळ अधिक कमावले, त्याच्यासाठी अश्रू ढाळण्याचे कारण नाही. पण तो ज्या धंद्यात होता त्यात त्याच्यामागे हजारो बिनचेहऱ्याचे कामगार उभे आहेत, हे विसरू नये.

2016 मध्ये, तिशीला टेकलेला हा माणूस ग्रीसला गेला. क्लब होता एईके अथेन्स. आता कोटींची बोली लागली नाही. या क्लबाची कथा ऐकण्यासारखी आहे. 1922 च्या युद्धानंतर तुर्कस्तानातले लाखो ग्रीक लोक घरदार सोडून ग्रीसमध्ये आले. त्यांतल्या कॉन्स्टँटिनोपलहून आलेल्या निर्वासितांनी 1924 मध्ये अथेन्समध्ये हा क्लब काढला आणि मागे राहिलेल्या आपल्या शहराचे नाव त्याला दिले. घर गेले, पण नाव टाकले नाही. 2013 मध्ये हा क्लबही कर्जात बुडाला, वरच्या श्रेणीतून घसरला, आणि तिसऱ्या श्रेणीपासून पुन्हा सुरुवात करून 2015 मध्ये वर आला.

अशा पडून उठलेल्या क्लबात, पडून उठलेला हा खेळाडू पाच मोसम राहिला. मार्च 2018 मध्ये याच क्लबाच्या एका सामन्यात प्रतिस्पर्धी पाओक क्लबाचे मालक इवान साविदिस पंचांच्या निर्णयावर संतापून, कमरेला पिस्तूल लावून मैदानात उतरले. सरकारने लीग काही काळ थांबवली. पैसा खेळापेक्षा मोठा झाला की मालक कुठवर जातात ते जगाने त्या दिवशी पाहिले. पुढे लीग पुरी झाली आणि एईके अजिंक्य ठरला, 1994 नंतर पहिल्यांदाच, म्हणजे चोवीस वर्षांनी. अथेन्समधल्या निर्वासितांची नातवंडे-पतवंडे रस्त्यावर आली. त्या संघाच्या बचावात बार्सिलोनाने तोट्यात काढलेला चिहरिन्स्की होता. बार्सिलोनाची वही आठ वर्षांपूर्वीच बंद झाली होती, त्यामुळे ही जमा तिच्यात कोणी मांडली नाही.

2021 मध्ये तो इओनिकोस या छोट्या क्लबात गेला. हा क्लब पिरेयस बंदराजवळच्या निकेआ उपनगराचा. हे उपनगरही निर्वासितांच्याच वस्तीतून वाढलेले, आणि क्लबाचे नावही मागे राहिलेल्या आयोनिया प्रदेशावरून ठेवलेले. तेव्हा चिहरिन्स्की चौतीस वर्षांचा होता. ज्या वयात बचावपटूचे गुडघे रोज सकाळी हिशेब मागतात, त्या वयात तो बूट बांधून मैदानात उतरत होता.

सगळी वाट एकदा मागे वळून पाहा. ल्विव, दोनेत्स्क, झापोरिझ्झिया, बार्सिलोना, पुन्हा दोनेत्स्क, द्निप्रो, अथेन्स, निकेआ. यातले एक मैदान युद्धात गेले, एक क्लब देण्यापायी बुडाला. भाव अडीच कोटींवरून दीड कोटीवर आला आणि नंतर तर कोणी विचारलाही नाही. या सगळ्यात टिकले काय? रोज सकाळी सरावाला जाणे, आपली जागा राखणे आणि शेजारच्या खेळाडूची चूक झाली तर धावून ती झाकणे. बचावपटूची ही तीन कामे पंधरा-सोळा वर्षे एक माणूस करत राहिला.

आमच्या माता-भगिनींना आणि बांधवांना यातून एवढेच सांगायचे आहे. आपल्या घरातही भाव लावले जातात. दहावीच्या गुणांवरून मुलाचा, पगारावरून जावयाचा, हुंड्याच्या बाजारात तर उघड उघड बोलीच! मोठ्या कंपनीतून काढलेला मुलगा घरी आला की आपण त्याच्याकडे तोट्यातल्या सौद्यासारखे पाहतो. "एवढा खर्च केला तुझ्यावर," हे वाक्य आपल्या तोंडून सहज निघते. ते वाक्य म्हणजे घसाऱ्याची नोंद आहे. ती नोंद मुलाच्या मनात कायमची राहते, ती खोडायला पुढे कोणताच अकाउंटंट सापडत नाही. काढलेल्या मुलाला नवे मैदान शोधायला वेळ द्या. गार्दिओला यांना तो वेळ द्यायचा होता, क्लबाने दिला नाही. आपल्या घरात तरी अध्यक्ष बदललेला नाही.

काल तो मुलगा पुन्हा भेटला. आम्ही त्याला वरची सारी कथा सांगितली. शेवटी म्हटले, "बाळा, विकतात तो करार. माणूस विकत नाहीत. पण लोक भाव वाचतात आणि माणूस वाचायचा विसरतात."

त्याने थोडा विचार केला आणि विचारले, "काका, मग तो अथेन्सला जिंकला तेव्हा त्याची किंमत किती होती?"

आम्ही वही मिटवली आणि म्हणालो, "ते लिहायला रकानाच नव्हता बघ."